गाडीच्या पोटात केवढं धरण?

"बाई, मोठीच घ्या की! मोठं ते चांगलं!"

पाचवीच्या वर्गात एकच गलका झाला. त्याचं झालं असं, की आमच्या घरी विजेवर चालणारी छोटी चारचाकी घ्यायचं ठरलं होतं. दुकानदारानं विचारलं, "बॅटरी लहान देऊ की मोठी?" आणि घरातल्या चार माणसांची चार तोंडं चार दिशांना झाली! शेवटी मी म्हटलं, चला, हा प्रश्न वर्गातच नेऊ. गणिताच्या तासाला एवढा चांगला विषय पुन्हा कुठं मिळणार?

दोस्तांनो, तुमच्याही घरी आज ना उद्या हा प्रश्न येईल. तेव्हा आमच्या वर्गानं तो कसा सोडवला, ते तुम्हांलाही सांगते.

युनिट म्हणजे केवढं?

आमचं गाव येलदरी. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं. पूर्णा नदीवरचं आमचं मोठं धरण तुम्ही भूगोलाच्या नकाशात पाहिलं असेल. १९६८ साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. त्यात साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॅट. तिन्ही संच पूर्ण जोरानं तासभर चालले, तर २२,५०० युनिट वीज तयार होते.

आता हे 'युनिट' म्हणजे काय? घरी विजेचं बिल येतं ना, त्यावर जे युनिट लिहिलेले असतात, तेच हे. हजार वॅटची शेगडी तासभर चालवली, की एक युनिट वीज खर्च होते. शास्त्राच्या पुस्तकात त्याला किलोवॅट-तास म्हणतात. एक युनिट विजेत किती ताकद असते, ठाऊक आहे? हजार लिटर पाण्यानं भरलेली टाकी साडेतीनशे मीटरहून अधिक उंच उचलायला जेवढी लागते, तेवढी!

गाडीची बॅटरीही युनिटांतच मोजतात. २०२२ साली टाटांची टियागो ही छोटी विजेची गाडी बाजारात आली, तेव्हा तिला दोन मापांच्या बॅटऱ्या होत्या. एक १९.२ युनिटांची, दुसरी २४ युनिटांची. २०२३ साली आलेल्या महिंद्रांच्या एक्सयूव्ही ४०० या मोठ्या गाडीतही असंच होतं : ३४.५ युनिट किंवा ३९.४ युनिट. म्हणजे गाडी तीच, पण पोटातलं धरण लहान किंवा मोठं!

वर्गात आम्ही टियागोचे तेव्हाचे आकडे घेतले. किमती आणि आकडे बदलत राहतात, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

मोठी का घेऊ नये?

"सगळ्यांनाच मोठी हवी आहे. मग कंपनी लहान बनवते तरी कशाला?" मी विचारलं. वर्ग गप्प.

मग आम्ही फळ्यावर लिहिलं. गाडी आली तेव्हा एकाच प्रकारच्या गाडीत लहान आणि मोठ्या बॅटरीच्या किमतीत ९०,००० रुपयांचा फरक होता. जास्तीचे युनिट किती? २४ वजा १९.२ म्हणजे ४.८. आता ९०,००० भागिले ४.८ करा बरं. एकेक जादा युनिट १८,७५० रुपयांना पडलं!

शिवाय वजन. एका युनिटच्या बॅटरीचं वजन साधारण सहा ते आठ किलो धरलं, तर ४.८ युनिटांचे तीस-पस्तीस किलो होतात. मी पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं केलं. "हा एवढा मुलगा रोज, विनाकारण, गाडीत बसवून फिरवायचा. चालेल?"

सगळे हसले. तो मुलगा मात्र म्हणाला, "मला चालेल, बाई!"

आमच्या घरी सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्या म्हणाल्या, "रांजण मोठा आणला म्हणून पाणी आपोआप येत नसतं. ते भरावंच लागतं." खरंच आहे. घरच्या जाड, पंधरा अँपियरच्या प्लगवर अशा गाडीत तासाला तीनेक युनिट भरतात. मोठी बॅटरी रिकामी झाली, की भरायला वेळही जास्त.

कागदावरचे किलोमीटर

आता मुख्य हिशेब. कंपनीच्या कागदावर लहान बॅटरीला २५० किलोमीटर आणि मोठीला ३१५ किलोमीटर असं लिहिलं होतं. हे आकडे तपासणीतून येतात. अशी तपासणी करणारी एक संस्था पुण्यात आहे : ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, थोडक्यात 'एआरएआय'. ती १९६६ पासून आहे. तपासणीत गाडीची चाकं रोलरवर फिरवतात. कधी किती वेग घ्यायचा, हे आधीच ठरलेलं असतं. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून तुलना करायला हे आकडे फार उपयोगी.

पण आमचा जिंतूरचा रस्ता म्हणजे काही रोलर नव्हे! मे महिन्यात बेचाळीस अंशाचं ऊन, त्यात एसी चालू. गाडीत चार माणसं, पिशव्या, शिवाय एखादं धान्याचं पोतं. वेगाचंही गणित आहे. ताशी साठऐवजी ऐंशीनं गेलं, की हवेचा अडथळा जवळजवळ पावणेदोन पट होतो. सायकल जोरात चालवताना वारा छातीवर कसा ढकलतो, आठवा बरं!

म्हणून आम्ही कागदी आकड्यांचे दोन-तृतीयांशच धरले. लहान १६६, मोठी २१०.

एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पण धरणातलं सगळं पाणी थोडंच वापरता येतं? मृतसाठा असतो ना!"

शाब्बास! धरणाकाठची मुलगी शोभली. आमच्या येलदरी धरणात एकूण ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. पण त्यातलं सुमारे १२५ दशलक्ष घनमीटर मृतसाठा. दारांच्या पातळीखालचं ते पाणी हिशेबात धरत नाहीत. उरलेलं सुमारे ८०९, तो जिवंत साठा. गाडीचंही तसंच करायचं. बॅटरी शून्यावर आणून रस्त्यात उभं राहायचं नाही. शंभरातले पंधरा भाग मृतसाठा म्हणून ठेवले. उरले लहानचे १४१ आणि मोठीचे १७८ किलोमीटर.

"आणि गाळ?" दुसऱ्यानं विचारलं.

हो, गाळही! वर्षानुवर्षं नदी माती आणते, धरणाच्या तळाशी गाळ साचतो, आणि पाणी मावायची जागा कमी होते. बॅटरीही पुन्हा पुन्हा भरून-रिकामी होऊन थकते. तीत पहिल्याइतकी वीज मावत नाही. या गाडीच्या बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची होती. आठ वर्षांनी शंभरातले ऐंशी भागच उरतील असं आम्ही सावधपणे धरलं. शेवटी फळ्यावर राहिलं :

लहान बॅटरी, आठव्या वर्षी : ११३ किलोमीटर.
मोठी बॅटरी, आठव्या वर्षी : १४२ किलोमीटर.

२५० चे ११३ झाले! वर्गात "अबब!" झालं. पण घाबरायचं कारण नाही. आपल्याला लागतात किती, हे कुठं अजून विचारलंय?

आपल्याला लागतात किती?

मी फळ्याचे तीन भाग केले : 'रोजचं', 'नेहमीचं' आणि 'कधीतरीचं'.

रोजचं सोपं होतं. माझे यजमान नोकरीला जिंतूरला जातात. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. त्याला साडेतीन युनिट पुरे. रात्री तासा-सव्वातासात भरूनही निघतात. त्यासाठी लहान बॅटरीसुद्धा मोठीच झाली!

कधीतरीचं म्हणजे छत्रपती संभाजीनगर. इथून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. वर्षातून एक-दोन वेळा. तेवढ्यासाठी नव्वद हजार कशाला? जालन्याला थांबावं, चहा प्यावा, गाडीलाही विजेचा घोट पाजावा. पूर रोज येत नाही, म्हणून कुणी पुराच्या मापाचं धरण बांधत नाही. पूर आला की दारं उघडतात!

आता राहिली परभणी. गेल्या वर्षी मे महिन्यात सासूबाईंच्या छातीत रात्री दुखू लागलं. शेजाऱ्यांनी जीप काढली म्हणून परभणीला वेळेवर पोचलो. सुदैवानं त्या बऱ्या झाल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्यांना डॉक्टरांकडे न्यावं लागतं. गाडी घ्यायचं खरं कारण हेच. जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटर.

मी ते 'कधीतरीचं' या भागात लिहिलं आणि त्या दिवशीचा तास संपला. संध्याकाळी घरी वहीत तोच तक्ता पुन्हा काढला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापायी कशाला एवढे पैसे घालवायलात? परभणीत तुझ्या मावशीचं घर आहे. तिथं लावा तास-दोन तास गाडी. लहानच घ्या." हिशेब त्यांचाही बरोबर होता. मावशीकडे दोन तासांत सहा युनिट मिळतात, म्हणजे पन्नास किलोमीटरची सोय.

माझी सातवीतली लेक वही बघत होती. ती म्हणाली, "आई, तू चुकीच्या ठिकाणी लिहिलंस. आजीचा दवाखाना काही कधीतरीचा नाही." तिनं ते खोडलं आणि 'नेहमीचं'मध्ये लिहिलं. मग म्हणाली, "आणि दवाखान्याची वेळ आपण थोडीच ठरवणार? समज, वळवाचा पाऊस आला, तारा तुटल्या, दोन दिवस वीज नाही..."

आम्ही सगळे थांबलो. वीजघर गावात असलं तरी वळवाच्या वाऱ्यात आमच्याकडेही वीज जातेच. तिनं बेरीज केली. पहिला दिवस जिंतूर, ३०. दुसरा दिवस जिंतूर, ३०. आणि त्या रात्री परभणी, नुसतं जायचे ६०. एकूण १२०. लहान बॅटरी आठव्या वर्षी देते ११३.

सात किलोमीटर कमी पडत होते. परभणीच्या अलीकडे, अंधारात, सात किलोमीटर.

हे म्हणाले, "वीज गेली की मी बसनं जाईन." तेही बरोबरच. पण माणूस विसरतो, बस चुकते. मोठीचे १४२ होते. १२० जाऊन २२ उरत होते. सासूबाई बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "बरं, घ्या मोठी. पण वर्षातून एकदा तरी मला पंढरपूरला न्या म्हणजे झालं!"

सगळ्यांनी मोठीच घ्यायची का?

मुळीच नाही! दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या सरांनी हाच हिशेब केला. ते राहतात जिंतूरला. रोज तीसेक किलोमीटर, दवाखाना घराजवळ, आणि लांब जायचं तर रेल्वे. त्यांनी लहान निवडली. वाचलेल्या पैशांत मुलीच्या शिक्षणाची सोय होईल म्हणाले. त्यांचंही बरोबर, आमचंही बरोबर. बॅटरी शेजाऱ्याकडे बघून घ्यायची नसते. ती आपला तक्ता बघून घ्यायची असते.

आईबाबांसाठी एक सूचना. गाडी घरी यायच्या आधी वायरमनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. गाडीसाठी जाड वायरचा स्वतंत्र प्लग हवा. लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड जोडून गाडी भरू नये. वायर तापते आणि आगीचा धोका असतो. मुलांनो, प्लग लावायचं काम मोठ्यांचं. तुमचं काम हिशेबाचं!

तर आज वही घ्या आणि तीन भाग करा : रोजचं, नेहमीचं, कधीतरीचं. घरातला प्रत्येक प्रवास विचारून लिहा. गाडी घ्यायची नसली तरी लिहा. कागदी आकड्याचे दोन-तृतीयांश करा, मृतसाठा वजा करा, गाळ वजा करा. आणि कुणाचा प्रवास चुकून 'कधीतरीचं'मध्ये तर गेला नाही ना, ते दोनदा बघा.

आमची गाडी आता अंगणात उभी असते. रात्री जेवणं झाली, की सासूबाई खिडकीतून डोकावतात आणि नातीला विचारतात, "भरलं का गं धरण?"