चेंबरचा नट निघत नाहीं तेव्हां

ट्रॅक्टर, पॉवर टिलर किंवा मळणीचें डिझेल एंजिन बाळगणाऱ्या शेतकऱ्यास एंजिनांतील तेल घरच्या घरीं बदलतां येतें, व पुष्कळजण तें बदलतातही. या कामांत कौशल्य असें फारसें नाहीं. मात्र एक अडचण अशी आहे कीं, ती आली असतां तासाभराचें काम चार दिवसांवर जातें. आणि ऐन पेरणीच्या तोंडावर ती आल्यास नुकसान केवळ दुरुस्तीच्या पैशांपुरतें राहत नाहीं. तेल सोडण्याकरितां चेंबरच्या तळाशीं जो बोल्ट असतो, ज्यास कोणी ड्रेन प्लग तर कोणी नुसता ‘चेंबरचा नट’ म्हणतात, तो बिघडतो आणि निघत नाहीं.

‘नट खराब झाला’ असें म्हणून आपल्याकडे दोन अगदीं निराळे बिघाड सांगितले जातात. एकांत बोल्टाचें षट्कोनी डोकें झिजून गोल झालेलें असतें. पाना घसरतो, बोल्ट जागचा हलत नाहीं. दुसऱ्यांत डोकें शाबूत असतें, पाना धरतो, बोल्टही फिरतो, पण कितीही फिरविला तरी बाहेर येत नाहीं. कारण आटे गेलेले असतात. पहिल्या बिघाडास जो जोर लागू पडतो तोच दुसऱ्यास लावल्यास उरलेसुरले आटेही नाहींसे होतात. म्हणून हातोडी हातीं घेण्यापूर्वीं बिघाड कोणता हें निश्चित करावें.

डोकें गोल होण्याचें कारण बहुधा पान्यांत असतें. स्क्रू पाना किंचित् सैल राहतो व सारा भार कोपऱ्यांवर येतो. अडकलेल्या बोल्टास सहा कोनी गोटीच हवी. बारा कोनी रिंग पाना तेथें घसरण्याचा संभव अधिक. जुन्या विलायती घडणीच्या ट्रॅक्टरांवर इंची मापाचे बोल्ट आढळतात. पाऊण इंची डोक्यास १९ मिलिमीटरचा पाना चालून जातो. परंतु ११/१६ इंच म्हणजे सुमारें १७.५ मिलिमीटर. त्यावर १७ चा चढत नाहीं, आणि १८ चा चढतो तो कोपरे खाण्यासाठींच. दिशेचाही घोटाळा होतो. डोक्याकडे तोंड करून पाहिलें असतां बोल्ट घड्याळाच्या कांट्याच्या उलट फिरविल्यानें सैल होतो. एंजिनाखालीं उताणा पडलेला मनुष्य वरून पाहिल्याची कल्पना करून हात चालवितो, आणि सैल करण्याऐवजीं आवळीत बसतो.

काम सपाट जागीं, एंजिन बंद करून व चाकांस उटी लावून करावें. केवळ जॅकवर तोललेल्या यंत्राखालीं कदापि शिरूं नये. एंजिन थोडें कोमट असावें. चेंबर ॲल्युमिनियमचा असल्यास याचा विशेष उपयोग होतो. कारण तो धातु तापला असतां पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो व बोल्टावरील पकड किंचित् ढिली होते. मात्र कढत तेलानें हात भाजतो, हें विसरूं नये. डोक्याभोंवतींची माती तारेच्या ब्रशानें काढावी, गंज सोडविणारें तेल लावून तासभर थांबावें, आणि हातोडीनें डोक्यावर सरळ दोनचार टोले द्यावे. मग एक माप लहान अशी सहा कोनी गोटी ठोकून बसवावी व लांब दांडीनें एकसारखा जोर लावावा; हिसके देऊं नयेत. बहुतेक बोल्ट येथेंच सुटतात. न सुटल्यास कानशीनें डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून पाईप पान्यानें धरावें. छिन्नी त्यानंतर. डोक्याच्या कडेस प्रथम सरळ खांच पाडावी, व नंतर छिन्नी तिरपी धरून सुटण्याच्या दिशेनें ठोकावें.

डोक्यावर नवा नट वेल्ड करून काढण्याची युक्ति गांवोगांवच्या वेल्डरांस ठाऊक आहे, आणि उष्णतेमुळें ती बहुधा साधतेही. तथापि तेलानें भरलेल्या चेंबराखालीं, डिझेलच्या टाकीच्या शेजारीं ठिणग्या उडविणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. हंगाम अगदीं तोंडावर आला असेल तर त्याहून बरा मार्ग म्हणजे डिपस्टिकच्या भोंकांतून नळी घालून हातपंपानें तेल ओढून घेणें. तळाशीं थोडा गाळ राहतो खरा, पण पेरणी निभावते आणि बोल्टाचें काम सवडीनें करतां येतें.

आटे गेले असतील तर जोराचा कांहीं उपयोग नाहीं. डोकें व चेंबर यांच्या फटींत पातळ पेचकस घालून बोल्ट बाहेरच्या बाजूस हलकेंच उचलून धरावा, आणि दुसऱ्या हातानें तो सुटण्याच्या दिशेनें फिरवावा. म्हणजे उरलेले आटे एकमेकांस धरतात. पेचकसाखालीं पत्र्याचा तुकडा ठेवावा, नाहीं तर चेंबराच्या तोंडास ओरखडा पडून पुढें गळती लागते. बोल्ट निघाल्यावर तो नीट पाहावा. त्याच्या आट्यांत चांदीसारख्या धातूच्या वळ्या गुंतलेल्या असतील तर ॲल्युमिनियमच्या चेंबराचे आटे गेले असें समजावें. बोल्टाचेच झिजले असतील तर नव्या बोल्टानें काम भागतें. चेंबराचे आटे गेल्यास भोंक मोठें करून, टॅप मारून, तारेचा आटा बसवून घेणें हा टिकाऊ उपाय होय. स्वतः आटे कापीत आंत शिरणारा जाड बोल्ट स्वस्त पडतो, पण प्रत्येक वेळीं काढतांना तो भोंक पोखरतो. टॅपाच्या खांचांत ग्रीस भरावें, म्हणजे चुरा त्यास चिकटतो. आणि बोल्ट लावण्यापूर्वीं थोडें स्वच्छ तेल वरून ओतून तळांतून वाहूं द्यावें. हा चुरा बेअरिंगांत गेल्यास वांचविलेले पैसे कितीतरी पटींनीं जातात.

पुन्हां आवळतांना काय होतें तें आंकड्यांनीं पाहूं. १४ मिलिमीटर आट्याच्या बोल्टास ४० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुष्कळ ठिकाणीं सांगितलेला असतो. नेमका आंकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेंत पाहावा. याचा अर्थ २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास सुमारें २० किलोचा जोर. त्याच पान्यास मीटरभर पाईप जोडून ६० किलो वजनाचा गडी त्यावर पाय देऊन उभा राहिला, तर पीळ पंधरापट होतो. असा आवळलेला बोल्ट पुढच्या खेपेस निघाला नाहीं तर नवल तें काय! तेल गळतें तें बहुधा वॉशर जुना झाल्यामुळें. तांब्याचा नवा वॉशर दर वेळीं घालावा, आणि बोल्ट आरंभीं पूर्ण हातानेंच फिरवावा. चार वळसे सहज न गेल्यास तो तिरपा शिरत आहे असें समजून काढून पुन्हां लावावा.

काढलेलें तेल बांधावर किंवा विहिरीच्या कडेस ओतूं नये, लांकडासही फांसूं नये. वापरलेलें तेल कातडीस घातक आहे. सन २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणें तें अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठींच गेलें पाहिजे. तोंवर झांकणाच्या डब्यांत निराळें ठेवावें. नवें तेल भरून एंजिन पांच मिनिटें चालवावें, बंद करून बोल्टाखालीं कोरडें फडकें फिरवून पाहावें, आणि दहाएक तास काम झाल्यावर तसेंच एकदां पुन्हां पाहावें.