घरबसल्या धंदा आणि घराचा वेळ

नागपुरात एके काळी दिवस गिरणीच्या भोंग्याने मोजला जात असे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. २००२ साली ती बंद पडेपर्यंत इथल्या कितीतरी घरांतले जेवणखाण, झोप आणि पोरांचा अभ्यास पाळीच्या वेळेवर चालला. काम कष्टाचे होते, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण पाळी सुटली की कामगार फाटकाबाहेर पडे आणि काम आत राही. आज ज्या धंद्याविषयी मला चार शब्द सांगायचे आहेत, त्याला फाटकच नाही. तो धंदा म्हणजे घरात बसून मोबाइलवर चालविलेले दुकान.

माझी एक जुनी विद्यार्थिनी असे दुकान चालवते. कुरडया, सांडगे, पापड आणि काळा मसाला घरी करून ती पुण्याला, हैदराबादला, जिथून मागणी येईल तिथे पाठवते. मालाचे फोटो मोबाइलवर, मागणी मोबाइलवर आणि २०१६ साली यूपीआय आल्यापासून पैसेही मोबाइलवरच. मुलगा लहान आहे, त्याच्याजवळ राहून चार पैसे मिळावेत, एवढ्यासाठी तिने हा धंदा काढला. धंदा वाढला, आणि रात्री अकरालाही विचारणा येऊ लागली, “ताई, मसाला फार तिखट आहे का हो?” ती लगेच उत्तर देई. जेवताना फोन ताटाशेजारी असे. एकदा रात्री एक वाजता पार्सलांवर पत्ते लिहिताना दोन पत्त्यांची अदलाबदल झाली. पुण्याचे पापड हैदराबादला गेले. ते निस्तरण्यात दोन दिवस गेले, नफाही गेला.

तिचे वडील जुने गिरणीकामगार. ते तिला म्हणाले, “गिरणीत आठ तास राबलो, पन भोंगा वाजला का मी तुमचा होतो. तू तं घरातच आहे, पन घरी नाही.”

हे बोलणे मला फार लागले. कारण कामगारांनाही ही मोकळीक कुणी सहज दिली नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले. तेव्हा कुठे १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा पाहा. तो लागू असलेले दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते, पण प्रत्येक कामगाराला आठवड्याची एक सुट्टी द्यावीच लागते. आता तुम्ही म्हणाल, यात मालकाचे काय? मालकासाठी कायदा नाही. जो स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर, त्याला सुट्टी द्यायला दुसरा कोणी यायचा नाही. ती त्याने स्वतःच स्वतःला द्यायची असते.

यावर पुष्कळ जण विचारतात, की जास्त तास काम केले तर जास्त काम होणार नाही का? एका हद्दीपर्यंत होते, पुढे होत नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यांतील कामगारांच्या कामाची काळजीपूर्वक मोजदाद झाली होती. त्या आकड्यांचा जॉन पेन्कावेल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ साली पुन्हा अभ्यास केला. त्याला आढळले, की आठवड्याला सुमारे ५० तासांनंतर प्रत्येक जादा तासाचे काम घटत जाते आणि ७० तास राबलेल्याचे एकूण काम ५६ तासवाल्यापेक्षा फारसे जास्त भरत नाही. म्हणजे वरचे १४ तास जवळजवळ पाण्यात!

शेतकऱ्याला हे आकडे न सांगताही कळेल. आपल्या काळ्या जमिनीत वाफसा नसताना औत घातले तर काय होते? बैल थकतात, माणूस थकतो आणि पदरात ढेकळे पडतात. थकलेल्या डोक्याने केलेले काम तसेच. रात्री एकला लिहिलेले ते दोन पत्ते आठवा.

शरीराचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली सांगितले, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

मग माझी विद्यार्थिनी फोन बंद का करीत नव्हती? तिला भीती होती, की गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. ही भीती खोटी नाही, एखादे जातेही. पण आपला आठवडी बाजार पाहा. तो आठवड्यातून एकदाच भरतो, तरी लोक वाट पाहतात, कारण वार ठरलेला असतो. गिऱ्हाइकाला दुकान सदा उघडे हवे असे नाही. ते केव्हा उघडते, हे त्याला नक्की ठाऊक असले की पुष्कळदा काम भागते.

तिने मग चार गोष्टी केल्या. तुमच्यापैकी कोणाचा असा धंदा असेल, तर करून पाहा.

पहिली, वेळ ठरवली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. धंद्यासाठी वेगळा नंबर घेतला. वेळेनंतर कुणी विचारले, तर “उद्या नऊनंतर उत्तर देईन” असा निरोप आपोआप जातो. तशी सोय व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आहे.

दुसरी, सारखी कामे एकत्र केली. दर पार्सलामागे एक खेप घालण्याऐवजी दुपारी एकदाच पत्ते लिहायचे, एकदाच टपाल कचेरीत जायचे.

तिसरी, वहीत पैशांबरोबर तासही लिहू लागली. महिन्याची कमाई तासांनी भागली, तेव्हा काही जिनसांत मेहनत फार आणि मिळकत थोडी, हे तिला उमगले. त्या तिने बंद केल्या.

चौथी, सोमवारी दुकान बंद. दिवाळीच्या आधी हा नियम मोडतो, हेही खरे. पेरणीच्या दिवसांत शेतकरी तरी घड्याळ कुठे पाहतो? पण हंगाम सरल्यावर बैलांनासुद्धा पोळा असतो. आदल्या दिवशी त्यांचे खांदे मळतात आणि सणाला त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या वर्गातली कित्येक मुलेमुली उद्या असले धंदे काढतील. त्यांना नफातोटा शिकवता, तसा तासांचा हिशेबही शिकवा.

परवा सोमवारी मी तिच्याकडे गेलो होतो. फोन कपाटात होता. आजोबा, नातू आणि ती पत्ते खेळत बसली होती. मला पाहून ती म्हणाली, “सर, दोन गिऱ्हाइकं तुटली खरी.” आणि पुढचे पान टाकले.