पंपावरचा राग आणि घरातला हिशेब

सकाळी नऊच्या सुमाराला परळच्या किंवा लालबागच्या एखाद्या पेट्रोल पंपावर पाच मिनिटं उभं राहून पाहा. एक गोष्ट लगेच लक्षात येईल. कुणीही "दोन लिटर टाक" असं म्हणत नाही. "शंभरचं टाक", "दोनशेचं टाक" असंच सगळे म्हणतात. लिटर सांगणं लोकांनी कधीच सोडून दिलं. खिशात किती आहेत तेवढं सांगायचं, टाकीत किती पडलं ते बघायचंच नाही. बघितलं तर राग येतो.

मीही त्याच रांगेतला. राहायला भायखळ्याला, नोकरी गिरगावात. स्कूटर आहे, तिच्यावर भाऊही संध्याकाळी कपड्यांच्या ऑर्डरी पोहोचवायला जातो. महिन्याला साधारण वीस लिटर पेट्रोल लागतं. १ जानेवारी २०२१ ला मुंबईत पेट्रोल लिटरला ९० रुपये ३४ पैसे होतं. २९ मे २०२१ ला मुंबईत त्याने शंभरी ओलांडली. देशातल्या महानगरांमध्ये हा मान आपल्याला सर्वांत आधी मिळाला. आणि ६ एप्रिल २०२२ ला दर होता १२० रुपये ५१ पैसे. म्हणजे सव्वा वर्षात लिटरमागे तीस रुपये वाढले आणि आमच्या घराचा खर्च महिन्याला सहाशे रुपयांनी. पगार मात्र होता तिथेच होता.

पण स्कूटरवाल्याचं दुःख त्यातल्या त्यात लहान. आमच्या चाळीत एक चाचा छोटा टेम्पो चालवतात. पहाटे दादरच्या बाजारातून भाजी उचलायची आणि लालबाग, परळ, भायखळ्याच्या दुकानांवर टाकायची, हा त्यांचा रोजचा फेरा. गाडीला दिवसाला साधारण दहा लिटर डिझेल लागतं. जानेवारी २०२१ मध्ये डिझेल साडेऐंशी रुपयांना होतं, एप्रिल २०२२ मध्ये १०४ रुपये ७७ पैशांना. दिवसाला अडीचशेच्या जवळपास जादा. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सहा हजारांहून अधिक. दुकानदारांशी भाडं आधीच ठरलेलं. दर सोळा दिवसांत दहा रुपयांनी वाढला, भाडं सोळा दिवसांत वाढत नाही. त्या वर्षी चाचांनी मुलीची शिकवणी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. आमच्या अम्मीला ते चाचींकडून कळलं.

म्हणून हा विषय फक्त गाडीवाल्यांचा आहे असं समजू नका. ज्यांच्या घरात सायकलसुद्धा नाही, त्यांच्या पिशवीतही डिझेल येतंच. लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात मसाल्यासाठी गर्दी होते. तिथली ब्याडगी कर्नाटकातून येते, गुंटूर आंध्रातून. ती ट्रकनेच येते आणि ट्रकचं भाडं किलोच्या दरात मुरतं. भाऊच्या धक्क्यावर उतरणारी मासळी डिझेलवर चालणाऱ्या बोटींतून येते. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेलचा दर एका झटक्यात सुमारे पंचवीस रुपयांनी वाढला. पंपावर ९४ रुपये १४ पैसे आणि घाऊक घेणाऱ्याला १२२ रुपये ५ पैसे, असा उलटा बाजार तेव्हा मुंबईने पाहिला. जास्त घेणाऱ्याला स्वस्त मिळतं, हा आपला नेहमीचा समज. इथे जास्त घेणाराच जास्त भरत होता.

आता खरा प्रश्न. हे पैसे जातात कुठे?

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की कच्चं तेल महागलं की पेट्रोल महागतं आणि आखातात काही घडलं की त्याची झळ आपल्याला बसते. हे अर्धं खरं आहे. देशाला लागणारं बहुतांश कच्चं तेल बाहेरून येतं, त्यामुळे तिकडची वाढ इकडे येणारच. पण तिकडची घसरण इकडे येते का? इथेच गोम आहे.

२०१० च्या जूनमध्ये पेट्रोलच्या आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण निघालं. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले. आपल्याला सांगितलं गेलं की जगात दर वाढला तर इथे वाढेल, उतरला तर उतरेल. मग २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, कच्चं तेल पिंपाला वीस डॉलरच्याही खाली गेलं. पंपावर दर उतरायला हवे होते. झालं असं की मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्राने अबकारी कर पेट्रोलवर लिटरला १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये वाढवला. स्वस्ताई आली, पण ती वाटेतच थांबली. पुढे कच्चं तेल पुन्हा महागलं, तेव्हा तो वाढीव कर तसाच होता आणि त्यावर नवी वाढ चढत गेली. आपली शंभरी झाली ती अशी.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि मे २०२२ मध्ये केंद्राने कर कमी केला, जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट कमी केला. मुंबईत पेट्रोल १०६ रुपये ३१ पैशांवर आलं. ते मान्य करायला हवं. तेल कंपन्यांचंही म्हणणं ऐकायला हवं. एप्रिल २०२२ नंतर कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर असताना त्यांनी पंपावरचे दर वाढवले नाहीत आणि तोटा सोसला. पण पुढे कच्चं तेल उतरलं आणि २०२३-२४ या वर्षात तीन सरकारी तेल कंपन्यांचा नफा मिळून सुमारे ८१ हजार कोटी रुपये झाला. आपल्या वाट्याला मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, लिटरमागे दोन रुपये आले. एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल पुन्हा घसरलं. केंद्राने अबकारी कर दोन रुपयांनी वाढवला आणि पंपावरचा दर जागचा हलला नाही. दर वाढला नाही म्हणून कुणी ओरडलंही नाही. त्याच दिवशी घरगुती गॅसचा सिलिंडर पन्नास रुपयांनी वाढून मुंबईत ८५२ रुपये ५० पैसे झाला, त्याचीच चर्चा झाली.

मुंबईकराची तक्रार आणखी एक. चेंबूरच्या पलीकडे माहुलला दोन मोठ्या रिफायनऱ्या आहेत. परळहून टॅक्सीने तासाभरात पोहोचाल. तरी २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल साडेएकशेतीन रुपयांच्या आसपास, आणि दिल्लीत ९४ रुपये ७७ पैसे. तेल तेच, फरक मुख्यतः राज्याच्या कराचा. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे होते. जुलै २०२४ मध्ये ते २६ चे २५ टक्के झाले, डिझेलवरचे २४ चे २१. पेट्रोलला फरक पडला पासष्ट पैशांचा. हा व्हॅट केंद्राचा कर धरून झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. २०२५ मध्ये दोन्ही कर एकत्र केले तर आपण दिलेल्या प्रत्येक रुपयातले चाळीस पैशांहून जास्त सरकारांकडे जात होते. दुबईतला भाऊ २०२५ मध्ये फोनवर सांगायचा, तिकडे लिटरला अडीच-पावणेतीन दिरहॅम. तेव्हाचे आपले साठ-पासष्ट रुपये. तुलना पुरती बरोबर नाही, तिथे तेल जमिनीतून निघतं. पण कर किती मोठी गोष्ट आहे ते त्यावरून कळतं.

करातून रस्ते होतात, दवाखाने चालतात, रेशन मिळतं. कर नकोच असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण मिळकतीवरचा कर कमावणाऱ्याची ऐपत बघून लागतो. पेट्रोलचा कर ऐपत बघत नाही. मलबार हिलच्या मोटारीला आणि चाचांच्या टेम्पोला तो सारखाच. सप्टेंबर २०२५ मध्ये स्कूटर आणि लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. चांगलं झालं. पण पेट्रोल-डिझेल २०१७ पासून जीएसटीच्या बाहेरच आहे. गाडी स्वस्तात घ्या आणि चालवताना भरा, असा हा हिशेब आहे. इंधन जीएसटीत आणायचं तर केंद्र आणि राज्यं दोघांनाही उत्पन्न सोडावं लागेल, म्हणून दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे, राग पंपावरच्या पोरावर काढायचा नाही. उन्हात उभा राहून नळी धरणारा तो मुलगा दर ठरवत नाही. पंपमालकालाही लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं. तिथे शिवीगाळ करून एक पैसाही कमी होत नाही.

दुसरं, आपला हक्क मात्र सोडायचा नाही. नळी लावण्याआधी मीटर शून्यावर आहे का ते बघा. माप कमी वाटलं तर पंपावरचं पाच लिटरचं प्रमाणित माप मागा आणि तुमच्यासमोर भरून दाखवायला सांगा. भेसळीचा संशय आला तर फिल्टर पेपर मागता येतो. हवा आणि पिण्याचं पाणी यांचे पैसे लागत नाहीत. तक्रार वही मागितली तर द्यावी लागते. बिल घ्या.

तिसरं, फेऱ्या मोजा. आमच्या घरी आम्ही महिनाभर वहीत लिहिलं. पाचपैकी एक फेरी चालत होण्यासारखी निघाली. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगाव, काळबादेवीपासून दादरपर्यंत आणि पुढे धावू लागली आहे, पावसाळ्यात तिचा उपयोग होईल. मात्र पर्यायही फुकट नाहीत. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचवरून दहा रुपये झालं, टॅक्सीचं फेब्रुवारीत २८ वरून ३१. टॅक्सी गॅसवर चालते म्हणून सुटली असंही नाही. एप्रिल २०२२ च्या एका महिन्यात सीएनजी साठवरून ७६ रुपयांवर गेला होता.

चौथं, मत मागायला येणाऱ्याला विचारा. "पेट्रोल स्वस्त कराल का?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. विचारा की कच्चं तेल उतरेल तेव्हा कर वाढवणार नाही, हे लिहून द्याल का? नगरसेवकाच्या हातात हे नसेल, पण त्याच्या पक्षाच्या हातात आहे.

आणि शेवटचं, जे आपल्याच हातात आहे. घर बदलताना, लग्नाचं सामान हलवताना, दुकानात माल मागवताना आपण टेम्पोवाल्याशी शंभर-दोनशेसाठी घासाघीस करतो. पुढच्या वेळी भाडं पाडण्याआधी त्या दिवसाचा डिझेलचा दर बघा. त्याची हलाल कमाई आपण पाडलेल्या त्या दोनशे रुपयांतच असते. चाचांच्या मुलीची शिकवणी दुसऱ्या वर्षी पुन्हा सुरू झाली, कारण तीन दुकानदारांनी स्वतःहून भाडं वाढवून दिलं. डिझेल तेव्हाही नव्वदच्या वरच होतं.