फाइल मुलाच्या हातात (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण केमोथेरपी पेशींवर नेमकं काय करते आणि आजार पसरल्यावर तिचा उपयोग का कमी होत जातो, ते पाहिलं. ती थांबवायची वेळ आली हे कोण कुणाला सांगतं, हा आजचा विषय. आपल्याकडची पद्धत ठरलेली आहे. रिपोर्ट आले की डॉक्टर मुलाला किंवा जावयाला आत बोलावतात. आजारी माणूस ओपीडीबाहेरच्या बाकावर. ‘लिव्हरमध्ये गेलंय, आता फार काही करण्यासारखं नाही, घरी न्या, सेवा करा,’ एवढं बोलणं होतं. तेही पुढचा नंबर पुकारला जात असताना. बाहेर बाबा विचारतात, ‘‘काय म्हणाले?’’ फाइल मुलाच्या हातात असते. तो म्हणतो, ‘‘काही नाही, थोडं इन्फेक्शन आहे. आधी ताकद येऊ द्या म्हणाले.’’

बाबांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. अंगावरचे कपडे सैल होतात, भेटायला येणारे एकदम वाढतात, आणि ज्या मुलाला कधी सवड नसायची तो आठवडाभर घरी असतो. पण त्यांनी विचारलं तर मुलगा खचेल, म्हणून तेही गप्प. घरातले सगळे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत असतात.

‘आपली संस्कृतीच तशी आहे’ हे समर्थन मला पटत नाही. १९६१ मध्ये शिकागोतल्या एका रुग्णालयात डोनाल्ड ओकेन यांनी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांतले जवळपास ९० टक्के कर्करोगाचं निदान पेशंटला न सांगण्याच्याच बाजूचे होते. तशीच पाहणी अमेरिकेतल्या दुसऱ्या रुग्णालयात होऊन १९७९ मध्ये छापली गेली. तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत एखाद्या देशाची संस्कृती उलटीपालटी होत नाही. उपचार सुधारले आणि पेशंटचा हक्क मानला जाऊ लागला. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम म्हणतात की डॉक्टरने आजाराचं गांभीर्य फुगवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. मात्र ते पेशंटला नाही सांगितलं आणि फक्त नातेवाइकांना सांगितलं, तरी नियम मोडत नाही. एवढी सोयीची पळवाट असल्यावर बाहेर बाकापर्यंत चालत कोण जाईल?

हेळसांड सुरू होते ती या लपवाछपवीतूनच. ज्याला आजारच माहीत नाही, त्याला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, विभागात पाठवता येत नाही, कारण दारावरची पाटी वाचून तो विचारणार. त्याला मॉर्फिन का द्यायचं, हे सांगता येत नाही. आणि केमो थांबवण्याचं कारण सांगण्यापेक्षा आणखी एक सायकल देणं डॉक्टरला सोपं जातं. त्या सायकलसाठी घरचे जमीन विकतात. उलट्या आणि तोंड येणं पेशंटच्या वाट्याला येतं.

एकदा सांगितलं म्हणजे काम झालं, असंही नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पसरलेल्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्यांना विचारलं होतं की याने तुम्ही बरे व्हाल का? फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८१ टक्के पेशंटना, ही केमो आजार बरा करण्याची शक्यता अजिबात नाही, हे उमगलेलं नव्हतं. निदान लपवण्याची रीत तिथे केव्हाच मागे पडली होती, तरीही.

‘करण्यासारखं काही नाही’ हे वाक्य तर सरळसरळ चुकीचं आहे. गालाच्या किंवा जिभेच्या कर्करोगाची जखम बाहेर फुटली की दुर्गंधी सुटते. तंबाखू आणि मिश्रीच्या या मुलखात अशी घरं कमी नाहीत. वासामुळे नातवंडं खोलीत येत नाहीत, पेशंटही तोंड फिरवून बसतो. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड करून जखमेवर टाकली, ड्रेसिंग नीट केलं, तर हा वास बराच आटोक्यात येतो. गोळी काही रुपयांची आहे. ‘घरी न्या’ म्हणताना हे सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि तीच दिली जात नाहीत.

मॉर्फिन या वेदनाशामकाची कथा याहून लाजिरवाणी. ते बनतं अफूपासून. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफूची परवानाधारक शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आपली अफू परदेशांतल्या औषध कंपन्यांना जाते. पण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला, त्यात कागदपत्रांतल्या चुकीसाठीही जबर शिक्षेची धास्ती होती, आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ साली अख्ख्या देशाचा वर्षाचा वापर १८ किलोंवर उतरला होता. पॅलिएटिव्ह केअरमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ढीगभर परवाने लागत नाहीत. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाहीच, आणि भीती कायद्यापेक्षा चिवट आहे. ‘सवय लागेल’, ‘लवकर जाईल’ ही दोन वाक्यं डॉक्टरही बोलतात. कर्करोगाच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत, वेळच्या वेळी दिलेल्या मॉर्फिनने व्यसन क्वचितच लागतं आणि मृत्यू अलीकडे येत नाही. साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची असते, कळ उठेपर्यंत थांबायचं नसतं. हमखास होतो तो मलावरोध, त्यामुळे जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून हवं.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटचे चार दिवस, हाही समज काढून टाकायला हवा. २०१० मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानापासूनच ही सेवा जोडीला मिळालेल्यांना शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि ते जगले मात्र जास्त : मध्यक ११.६ महिने, इतरांचं ८.९. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा आहे; पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ चं; परळच्या टाटा रुग्णालयात तर स्वतंत्र विभाग आहे. जिल्ह्याच्या गावी मात्र फॅमिली डॉक्टरच आधार.

मग सांगायचं कसं? चांगला डॉक्टर आधी विचारतो : ‘‘आजोबा, तुम्हाला या दुखण्याबद्दल काय माहीत आहे? सगळं ऐकायचंय का, की मुलाशी बोलू?’’ कुणी ‘मुलाशीच बोला’ म्हणालं, तर तोही त्यांचाच निर्णय. डॉक्टर हे विचारत नसतील, तर घरच्यांनी त्यांना विचारावं की ही केमो बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी, थांबवली तर काय होईल, आणि रात्री दोन वाजता कळ उठली तर फोन कुणाला करायचा. शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर गडबडले, तर दुसरा डॉक्टर शोधायला लागावं.

व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको, हे आजारी माणसाने स्वतः आधी लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. तो कागद कसा करायचा, ते पुढच्या आठवड्यात.