दवाखान्याचे सांडपाणी आणि आपण

नांदेड व लातूर ही मराठवाड्यातील रुग्णसेवेची मोठी केंद्रे आहेत. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे. याशिवाय खासगी इस्पितळे, प्रसूतिगृहे, दातांचे दवाखाने व रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळा गल्लोगल्ली आहेत. आपला माणूस बरा होऊन घरी आला की आपण समाधान मानतो. परंतु त्याची जखम, त्याचे कपडे, त्याच्या तपासणीची भांडी ज्या पाण्याने धुतली ते पाणी कोठे गेले, याचा विचार सहसा होत नाही. तो करावा, म्हणून हा लेख.

हे पाणी किती असते?

भारतीय मानकानुसार १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयात दर खाटेमागे रोज ३४० लिटर, तर त्याहून मोठ्या रुग्णालयात ४५० लिटर पाणी धरले जाते. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. या हिशेबाने ३० खाटांच्या दवाखान्यातून रोज सुमारे ८ हजार लिटर, तर ५०० खाटांच्या रुग्णालयातून १ लाख ८० हजार लिटर सांडपाणी निघते.

यातील बहुतेक पाणी आपल्या घरातल्यासारखेच म्हणजे संडास, स्नानगृह, स्वयंपाकघर व धुलाईचे असते. परंतु त्यात थोडा भाग फार निराळा असतो. शस्त्रक्रियागृहातील रक्त, प्रयोगशाळेतील नमुने, जंतुनाशके, फॉर्मेलिन, औषधांचे अंश, आणि जेथे अजून एक्स-रे फिल्म धुतली जाते तेथील चांदीयुक्त रसायन हे सर्व त्यात येते.

धोका कोणाला?

दूषित पाण्यातून कॉलरा, विषमज्वर, कावीळ, हगवण पसरते हे आपण जाणतोच. १८५४ साली लंडन शहरात डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचा संबंध एका पाण्याच्या पंपाशी जोडून दाखविला; पुढे हे शास्त्राने मान्य केले. आता त्यात नवी भर पडली आहे. प्रतिजैविक औषधांना दाद न देणारे जंतू सांडपाण्यात वाढतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतील रस्त्यावर साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत अशा जंतूंचे एनडीएम-१ हे जनुक सापडले होते. ज्या जंतूंवर औषध चालत नाही ते इस्पितळाच्या भिंतीआड राहत नाहीत, हा त्याचा अर्थ.

परंतु सर्वांत आधी हा धोका पोचतो तो गटार साफ करणाऱ्या माणसापर्यंत. हे काम पिढ्यानपिढ्या कोणाच्या वाट्याला आले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तुंबलेल्या चेंबरमधील पाणी दवाखान्याचे आहे की घराचे, हे त्याला कोणी सांगत नाही. हाताने मैला साफ करविण्यावर १९९३ च्या व पुढे २०१३ च्या कायद्याने बंदी आली. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. भरपाई मिळाली पाहिजेच; पण ती जीव गेल्यावरची गोष्ट आहे. पाणी मुळातच निर्धोक करून सोडणे ही जीव जाण्याआधीची गोष्ट आहे.

शुद्धीकरण कसे होते?

पहिली पायरी उगमापाशी आहे. प्रयोगशाळेतील रक्त, लघवी इत्यादी नमुने मोरीत ओतण्यापूर्वी १ ते २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ठरावीक वेळ ठेवून निर्जंतुक करावेत. आम्ले व अल्कली यांचा सामू आधी समतोल करावा. एक्स-रेचे रसायन व दातांच्या चांदीतील पारा वेगळा जमा करावा. मुदत संपलेली औषधे, विशेषतः कर्करोगावरील औषधे, बेसिनमध्ये कदापि ओतू नयेत.

त्यानंतर सर्व पाणी शुद्धीकरण केंद्रात येते. जाळीत कापूस, चिंध्या अडकतात. पुढील टाकीत तेल-तूप वर तरंगते ते काढले जाते. मग समतोल टाकीत दिवसभराचे कमी-जास्त पाणी एकसारखे केले जाते. पुढे वायुवीजन टाकीत हवा सोडतात. येथे खरे काम जिवाणू करतात. ते पाण्यातील घाण खाऊन वाढतात व निवळण टाकीत गाळ होऊन खाली बसतात. वरचे पाणी वाळू व कोळशाच्या गाळणीतून जाते आणि शेवटी क्लोरिनने निर्जंतुक केले जाते.

येथे विद्यार्थी विचारतील की पहिल्याच टाकीत भरपूर क्लोरिन घातला तर काय बिघडले? बिघडते ते असे. घाण पाण्यात क्लोरिन घाणीवरच खर्ची पडतो व जंतू शिल्लक राहतात. शिवाय जास्त क्लोरिन पुढे गेला तर वायुवीजन टाकीतील उपयोगी जिवाणूही मरतात. म्हणून धोक्याच्या थोड्या द्रवाला उगमापाशी आणि सर्व पाण्याला शेवटी, असा क्रम ठेवला आहे.

कायदा काय म्हणतो?

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम प्रथम १९९८ साली आले व २०१६ साली ते नव्याने झाले. ज्या गटाराच्या शेवटी शुद्धीकरण केंद्र नाही, त्यात पाणी सोडणाऱ्या रुग्णालयाने पुढील मर्यादा पाळावयाच्या आहेत : सामू ६.५ ते ९, तरंगते घन पदार्थ १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, तेल व ग्रीस १०, जैविक प्राणवायूची मागणी ३० व रासायनिक प्राणवायूची मागणी २५०. त्या पाण्यात मासे सोडले तर ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. कायद्याची ही कसोटी शाळेतील मुलालाही कळेल इतकी साधी आहे. दहापेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यांनाही ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत या मर्यादा गाठावयाच्या होत्या. देखरेखीचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

लातूरकरांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा जिल्ह्यात शुद्ध केलेले पाणी बागेला व संडासात वापरणे म्हणजे तितके पिण्याचे पाणी वाचविणे होय.

आपण काय करावे?

आपल्यापैकी अनेक बंधू-भगिनी वॉर्डबॉय, परिचारिका, आया, तंत्रज्ञ वा सफाई कामगार आहेत. त्यांनी हातमोजे, बूट व लसीकरण हक्काने मागावे. ब्लिचिंग व अ‍ॅसिड कधीही एकत्र ओतू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. सभासदांनी आपल्या वस्तीजवळच्या दवाखान्याचे पाणी कोठे जाते हे पाहावे, विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास महानगरपालिकेकडे व मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अर्ज लिहिण्यास मदत करावी.

मांजरा लातूर जिल्ह्यातून कर्नाटक व तेलंगणात जाते आणि वळून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. लातूरचे पाणी व नांदेडचे पाणी शेवटी एकच होते. वरच्याने सोडलेले खालच्याला प्यावे लागते. पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला गेलेल्यांचे आपण वारस आहोत; ते पाणी स्वच्छ राखणे हेही आपलेच काम आहे.