खारपाणपट्ट्याला नॅनो पावेल का?

ग्राफिनच्या, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थराच्या, पडद्यातून खारं पाणी गोड होणार, ही बातमी अधूनमधून येतच असते. 2017 साली मँचेस्टर विद्यापीठातल्या राहुल नायर यांच्या गटाने ग्राफिन ऑक्साइडचा पडदा मीठ अडवतो हे दाखवलं, तेव्हा ती जगभर गाजली. ‘मग आमच्या खारपाणपट्ट्याचं काय?’ असं अकोला-अमरावतीकरांनी विचारलं तर नवल नाही.

या पट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या पूर्णा नदीकाठच्या भागात, काळ्या मातीखाली गाळाचे जाड थर आहेत. निचरा जेमतेम, त्यामुळे क्षार तिथेच साचतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. इथल्या अनेक विहिरींना तीही मर्यादा पुरत नाही.

पाणी शुद्ध करण्यातली नॅनोकणांची कमाल खरी आहे. चेन्नईच्या आयआयटीत थलप्पिल प्रदीप यांनी चांदीच्या नॅनोकणांवर एंडोसल्फान, क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशकं पकडली आणि त्यातून घरगुती फिल्टर निघाला. कपाशीच्या मुलखाला हे मोलाचंच. पण कीटकनाशक लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असतं, मीठ ग्रॅममध्ये. एवढं मीठ धरून ठेवायचं तर कणांची भुकटी बघता बघता भरून जाईल. तिथे पडदाच हवा.

आणि तो पडदा गावात कधीच पोचलाय! आरओच्या नळकांड्यात गुंडाळलेल्या पडद्याचा मीठ अडवणारा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास जाड असतो. त्याच्या पूर्वजाची गोष्ट मजेदार आहे. कॅलिफोर्नियात सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन सेल्युलोज अॅसिटेटचे पडदे तपासत होते. तोच पडदा एका बाजूने लावला की काम करी, उलटा लावला की नाही. दुधावर साय धरावी तसा एकाच अंगाला दाट थर होता, खाली सगळं सच्छिद्र. हे गुपित उलगडल्यावर 1960 च्या सुमारास त्यांनी स्वतःच असा पडदा ओतला आणि आरओ व्यवहारात आलं. वीस लिटरचा जार भरणाऱ्या किती जणांना सौरिराजन हे नाव माहीत असेल?

मीठ मात्र नाहीसं होत नाही. गोड पाण्याशेजारच्या दुसऱ्या नळीतून ते आणखी घट्ट होऊन बाहेर पडतं. ते नालीत सोडलं की पुन्हा त्याच मातीत. ग्राफिन आलं तरी ही नळी राहणारच.

म्हणून वान आणि शहानूर धरणांचं पाणी नळाने गावोगाव नेणाऱ्या योजना नीट चालवणं हाच पहिला उपाय. जिथे आरओ लागणारच, तिथे ग्रामसभेत यंत्राच्या किमतीआधी एवढं विचारा: त्या दुसऱ्या नळीतलं ‘रिजेक्ट’ पाणी कुठे जाणार?