मुलांची उंची मोजा, आणि लिहून ठेवा

चौथीच्या वर्गात नऊ वर्षांची दोन मुलं एका बाकावर बसतात. दोघांचीही उंची १२२ सेंटिमीटर. प्रार्थनेच्या रांगेत दोघं पुढेच असतात आणि दोघांच्याही घरी 'हा जरा उंचीला कमीच' असं बोललं जातं. पण गेल्या वाढदिवसाला एकाची उंची ११६.५ होती आणि दुसऱ्याची ११९.५. पहिला वर्षभरात साडेपाच सेंटिमीटर वाढला, दुसरा फक्त अडीच. पहिल्याची काळजी करायला बहुधा कारण नाही. दुसऱ्याला मात्र याच वर्षी डॉक्टरांकडे न्यायला हवं. नुसती आजची उंची पाहून हा फरक कुणालाच कळणार नाही. गेल्या वर्षीचा आकडा घरात लिहिलेला असेल, तरच कळेल.

वर्षाला किती वाढायला हवं?

जन्मतः बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं. पहिल्या वर्षात ते २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १० ते १२. चौथ्या वाढदिवसाच्या सुमारास उंची मीटरभर होते. त्यानंतर वयात येईपर्यंत वेग संथ असतो, वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर. मग एकदा झपाट्यानं वाढ होते. या काळात मुली वर्षाला आठेक आणि मुलगे नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात.

तान्हेपणीची वाढ मुख्यतः पोषणावर चालते. पुढे ग्रोथ हार्मोन आणि थायरॉइड हार्मोन सूत्रं हाती घेतात. वयात येताना त्यात इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनची भर पडते. शाळकरी वयात मूल वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नसेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

डॉक्टर ही वाढ आलेखावर मांडतात. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आलेख वापरतात. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे आलेख आहेत, ते आपल्याच मुलांच्या मोजमापांवरून तयार केलेले. पुण्यातल्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. आलेखावरची सगळ्यांत खालची रेघ तिसऱ्या शतमानाची, म्हणजे शंभर मुलांतली सर्वांत कमी उंचीची तीन मुलं तिच्याखाली येतात. मूल त्या रेघेखाली असेल तर लक्ष द्यावंच, पण वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर घसरत येणारं मूल त्याहून जास्त लक्ष मागतं. ते वर्गात अजून बुटकं दिसत नसतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

घरी मोजायची रीत

सरळ, तळाशी पट्टी नसलेली भिंत निवडा. मूल अनवाणी उभं करा. वेण्या, अंबाडा, केसांचे चाप काढा. टाचा, नितंब, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकलेली हवी आणि नजर समोर, हनुवटी वर उचललेली नको. आता पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाड पुस्तक घेऊन त्याची एक कड भिंतीला लावा, दुसरी डोक्यावर येऊ द्या, आणि पुस्तकाच्या खालच्या कडेशी पेन्सिलची बारीक रेघ ओढा. मग मूल बाजूला करून जमिनीपासून रेघेपर्यंत धातूच्या टेपनं मोजा. शिवणाची कापडी टेप ताणली जाते, ती नको.

सकाळी उठल्यावर असते त्यापेक्षा संध्याकाळी उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरते, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. म्हणून दर वेळी एकाच सुमारास मोजावं. सहा महिन्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला मोजलं तर मापातली चूकच वाढ म्हणून दिसू लागते आणि मुलाच्या मनाला उगाच घोर लागतो.

आईवडिलांची उंची

'मामावर गेलाय, मामाही उशिराच उंच झाला' हे आजीचं म्हणणं कित्येकदा खरं निघतं, तरी ते ताडून पाहता येतं. आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढा. मुलगा असेल तर त्यात साडेसहा सेंटिमीटर मिळवा, मुलगी असेल तर तेवढे वजा करा. वडील १६८ आणि आई १५४ असेल तर सरासरी १६१ येते. मग मुलाची अपेक्षित उंची १६७.५ आणि मुलीची १५४.५. यात सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे चालतात. हा अंदाज आहे, भाकीत नव्हे. पण उंच आईवडिलांचं मूल आलेखाच्या तळाशी रेंगाळत असेल, तर त्याला अनुवंश म्हणून सोडून देता येत नाही.

उंची खुंटते तेव्हा

आपल्याकडे मूल खुरटण्यामागे अपुरं पोषण, वारंवारचे जंतुसंसर्ग आणि जन्मतःच कमी वजन ही कारणं मोठी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा दीर्घ अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. खेड्यांतली ही बाळं किरकोळ दिसली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त होती. कमी वजनाची बहुतेक बाळं दोन वर्षांपर्यंत उंचीची कसर भरून काढतात. काहींची मात्र राहून जाते, आणि त्यांना तज्ज्ञाला दाखवावं लागतं.

हार्मोनच्या बाबतीत एक खूण घराघरात माहीत असायला हवी. जास्त खाण्यानं लठ्ठ झालेलं मूल बहुधा वयाच्या मानानं उंचही असतं. वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबली, तर थायरॉइड तपासावं. सोबत बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, सुस्ती, थंडी सोसत नाही अशी लक्षणं असू शकतात. रक्ताच्या एका साध्या तपासणीत निदान होतं आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी पैशानंही जड जात नाही. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाचा प्रश्न तर उंचीपुरता नसतोच. पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली नाही तर बुद्धीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून प्रत्येक बाळाची जन्मानंतर थोड्याच दिवसांत टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर तपासणी व्हावी. प्रसूतिगृहात ती मागून करून घ्या.

ग्रोथ हार्मोनची कमतरता त्या मानानं विरळ. हे हार्मोन झटक्याझटक्यानं, मुख्यतः झोपेत स्रवतं, त्यामुळे दिवसा केव्हातरी रक्त काढून त्याचं प्रमाण ठरवता येत नाही, रुग्णालयात विशेष चाचणी करावी लागते. १९५८ मध्ये अमेरिकेत मॉरिस रेबन यांनी मृत माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेलं हार्मोन वापरून या उपचाराची वाट दाखवली. पण त्यातून मेंदूचा एक घातक रोग पसरल्याचं १९८५ मध्ये उघड झालं आणि तो प्रकार थांबला. त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयार केलेलं हार्मोन बाजारात आलं. आज तेच वापरतात, बहुधा रोज रात्री कातडीखाली इंजेक्शन देऊन, कित्येक वर्षं. उपचार महाग आहे आणि नुसत्या बुटकेपणासाठी तो नाही.

मुलींच्या बाबतीत टर्नर सिंड्रोम विसरता कामा नये. सुमारे दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीत एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं. मुलगी हुशार असते, शाळेत नीट जाते, फक्त उंची कमी. पाळी आली नाही म्हणून सोळाव्या वर्षी निदान होतं, तेव्हा उंचीसाठी उपचारांचा बराच काळ हातचा गेलेला असतो. कारण न कळता बुटक्या राहिलेल्या प्रत्येक मुलीची गुणसूत्रांची तपासणी व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हाडांची टोकं

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो आणि वाढ तिथेच होते. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढला की प्रत्येक बोटाच्या हाडाच्या टोकाजवळ ही कूर्चा काळ्या फटीसारखी दिसते. ती किती उरली आहे यावरून हाडांचं वय ठरतं. मूल दहाचं आणि हाडं आठची असतील तर वाढीला अजून वाव आहे. मूल आठचं आणि हाडं अकराची असतील तर वेळ थोडा उरला आहे.

ही फट बुजवण्याचं काम मुलगा-मुलगी दोघांतही इस्ट्रोजेनच करतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि हाडांचं वय होतं फक्त पंधरा, म्हणजे तो अजून वाढतच होता.

लवकर वयात येणं

मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतरानं एका हार्मोनचे ठोके देऊ लागतो, त्यानं पिट्युटरी जागी होते आणि तिच्या हुकमानं अंडाशय किंवा वृषणं कामाला लागतात. मुलींमध्ये पहिली खूण म्हणजे स्तनाग्राखाली येणारी बटणाएवढी, दुखरी गाठ. ती आधी एकाच बाजूला येऊ शकते, आणि घरचे कर्करोगाच्या धास्तीनं धावत येतात. पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. मुलग्यांत पहिली खूण मिसरूड किंवा आवाज फुटणं ही नव्हे, वृषणांचं आकारमान वाढणं ही आहे. ते मोजायला डॉक्टरांकडे क्रमाक्रमानं मोठ्या होत जाणाऱ्या मण्यांची माळ असते. चार मिलिलिटरचा मणी जुळला की सुरुवात झाली.

मुलींमध्ये आठ वर्षांच्या आधी आणि मुलग्यांत नऊच्या आधी या खुणा दिसल्या, तर ते वेळेआधी आहे. अशी मुलं काही काळ वर्गात सगळ्यांत उंच असतात, घरचे कौतुक करतात. पण इस्ट्रोजेन हाडांच्या फटी बुजवत असतं आणि शेवटी हीच मुलं कमी उंचीवर थांबतात. पाळी सुरू झाल्यावर साधारण पाच ते सात सेंटिमीटरच उंची उरते. म्हणून पाळीची वाट न पाहता गाठ दिसली तेव्हाच जायला हवं.

मुलगी लवकर वयात आली की घर हवालदिल होतं आणि लपवालपवी सुरू होते. मुलगा आला की 'लवकर मोठा झाला' म्हणतात. वैद्यकीयदृष्ट्या उलट आहे. मुलींमध्ये बहुतेक वेळा शोधूनही आजार सापडत नाही. मुलग्यांत मात्र मेंदूतली गाठ किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा विकार सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, त्यामुळे त्यांची तपासणी टाळणं धोक्याचं आहे.

उपचार म्हणजे महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. त्यानं पिट्युटरीवर ठोक्यांऐवजी अखंड मारा होतो आणि ती गप्प बसते. इंजेक्शन थांबवलं की वयात येणं पुन्हा सुरू होतं. पुढे मूल होण्यात त्यामुळे अडचण येत नाही.

वय अलीकडे सरकतंय हेही खरं. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये मुलींची स्तनवाढ सुरू होण्याचं सरासरी वय १९९१ मध्ये १०.९ वर्षं होतं, २००६ मध्ये ते ९.९ झालं. लठ्ठपणा हे एक कारण नक्की आहे. करोनाच्या टाळेबंदीत इटलीत वेळेआधी वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढलेली दिसली, पुण्यातल्या डॉक्टरांनीही तेच नोंदवलं.

उशीर झाला तर

मुलीला तेरापर्यंत स्तनवाढ नाही, पंधरापर्यंत पाळी नाही, किंवा मुलग्याला चौदापर्यंत कसलीच खूण नाही, तर तपासणी करावी. मुलग्यांत बहुधा घराण्यातच उशीर असतो. वडिलांनाही दाढी-मिशा कॉलेजात फुटलेल्या असतात.

पावडरी आणि दूध

उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांवर पैसे घालवू नका. बुजलेली कूर्चा त्यांनी उघडत नाही. दांड्याला लोंबकळल्यानंही नाही, व्यायाम म्हणून तो चांगलाच. गायी-म्हशींना टोचलेल्या ऑक्सिटोसिनमुळे मुली लवकर वयात येतात अशी भीती घराघरात आहे. तो प्रकार बेकायदा आणि जनावरावर क्रूर आहेच. पण ऑक्सिटोसिन पोटात पचून जातं, त्यामुळे मुलीचं दूध तोडायला ते कारण पुरत नाही.

कुठे जायचं?

आधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि लिहिलेले आकडे सोबत न्या. गरज असेल तर ते मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडे पाठवतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. शिक्षकांनाही विनंती आहे की, वर्षातून दोनदा वर्गाची उंची मोजा आणि मागच्या वेळचा आकडा त्याच ओळीत शेजारी लिहा.